दुष्काळातली फेरी : पंडिता रमाबाईंना काय मिळालं?



आपल्या गटांतून दरवर्षी काही बाया वर्धिनी म्हणून फेरीवर जातात. पंधरा दिवस परक्या गावात राहायचं, मिळेल ते खायचं, घरोघरी फिरून बायांना गोळा करायचं, गट उभा करायचा आणि परत यायचं. परत आल्या की गावात एक प्रश्न ठरलेला असतो, “तुला काय मिळालं?” मानधनाचा आकडा सांगता येतो. पण फेरीहून आलेली बाई चेहऱ्यावर जे घेऊन येते, ते आकड्यात बसत नाही. म्हणून आज आम्ही सव्वाशे वर्षांहून जुनी एक फेरी सांगणार आहोत. ती केली पंडिता रमाबाईंनी, आणि केली ती आपल्याच मध्य प्रांतात.

मध्य प्रांत म्हणजे काय, हे नव्या मुलींना माहीत नसेल. इंग्रजांच्या काळात आपला मुलूख मुंबईकडे नव्हता. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, त्याची राजधानी नागपूर, आणि चांदा हा त्यातला एक जिल्हा. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होती, ती वेगळी झाली २६ ऑगस्ट १९८२ ला. १८९६ साली या प्रांतात पाऊस लवकर निघून गेला, पीक बुडालं आणि १८९७ साली माणसं अन्नावाचून मेली. ही बातमी पुण्यात रमाबाईंच्या कानावर गेली.

त्या बातमीनं त्यांना घरी का बसवलं नाही, हे समजायला त्यांचं लहानपण बघावं लागतं. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. त्या काळात बाईनं संस्कृत शिकणं लोकांना खपत नव्हतं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराण सांगत जगायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकलं, भांडी गेली, दागिने गेले. भीक मागायला मान खाली जात नव्हती आणि हातानं काम करून पोट भरायचं कोणी शिकलेलं नव्हतं. तिरुपतीच्या जंगलात हे कुटुंब मरायच्या तयारीनं शिरलं. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढले. पुढे १८७४ साली वडील गेले, मग आई गेली, मग मोठी बहीण.

आपल्याला जंगल कळतं. तरोट्याची भाजी कधी कोवळी असते, वास्ते कधी काढायचे, मोहफूल कसं वाळवून ठेवायचं, हे आपल्या आज्यांनी आपल्याला दिलं. म्हणून जंगलात शिरलेली ती सोळा वर्षांची मुलगी डोळ्यापुढे आली की कळतं, पोथ्या पाठ असूनही तिच्या हाती जगण्याची विद्या नव्हती. रमाबाईंनी ही गोष्ट जन्मभर लक्षात ठेवली. पुढे त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक मुलीला अक्षरासोबत हाताचं काम शिकवलं गेलं, त्याचं मूळ इथे आहे.

उरलेला एक भाऊ, श्रीनिवास. दोघं बहीणभाऊ पायी हिंडत राहिले, सुमारे चार हजार मैल. १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. भाऊ गेला. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जात मोडून. मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ साली नवरा पटकीनं गेला. वय तेवीस, कडेवर लेकरू.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना बायांसाठी बाया डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं. १८८३ साली डॉक्टरकी शिकायला विलायतेला गेल्या. कान कमी ऐकू येत असल्यानं ते शिक्षण झालं नाही. वांटेजला जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. त्या जोगिणींनी त्यांना फुलहॅमला नेऊन समाजानं टाकून दिलेल्या बायांसाठी चालवलेलं घर दाखवलं. वाट चुकलेली म्हणून आपल्याकडे जिच्या सावलीलाही कोणी उभं राहू देत नाही, तिला इथे हाताला धरून उठवतात, हे पाहून त्या थक्क झाल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता इथे एक गोष्ट नीट ऐका. रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलं आहे की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाची शांती आणि आनंद मिळायला आणखी आठेक वर्षं लागली. म्हणजे नाव बदललं, रीत बदलली, पण श्रद्धा काही बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर एका दिवसात अंगात आली नाही. ती काम करता करता मुरत गेली.

त्या वर्षांत काय काम चाललं होतं? अमेरिकेत फिरून त्यांनी बालविधवांची दशा सांगितली आणि तिथल्या लोकांनी दहा वर्षं पैसे देण्याचं वचन दिलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. मुलींना आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. रमाबाई मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करताना दार उघडं ठेवत आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ साली पुण्यात मोठं वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, वर्तमानपत्रांनी झोडपलं, पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती, असं आम्हाला वाटतं. आसऱ्याला आलेल्या मुलीवर नकळतही दाब येऊ शकतो, ही शंका खोटी म्हणता येत नाही. पण शंका घेणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या दारात बालविधवेला जागा दिली होती, हेही विचारायला हवं. आणि हेही खरं की याच सदनात शिकलेली गोदूबाई हिंदूच राहिली आणि त्याच १८९३ साली तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. पुढे हिंगण्याला विधवांसाठी आश्रम उभारणारे ते हेच कर्वे.

तर आता १८९७. मदतीची दहा वर्षं संपत आली होती, हातात पैसा थोडा. रमाबाईंच्या मनात धाकधूक होती, नेऊन ठेवणार कुठे आणि खायला घालणार काय? पण उपाशी पोटाची आठवण गप्प बसू देईना. त्या मध्य प्रांतात आल्या. सरकारनं दुष्काळी कामं काढली होती, गरीबखाने उघडले होते. तिथे त्यांनी हाडांचे सापळे झालेली माणसं पाहिली. त्याहून भयंकर होतं ते बायांचं. मदतीच्या छावण्यांतही एकट्या बाईची अब्रू सुरक्षित नव्हती. मुली हेरून, खायला देतो म्हणून घेऊन जाणारे दलाल फिरत होते. रमाबाईंनी हे सगळं लिहून जगापुढे मांडलं आणि सुमारे ३०० बाया आणि मुली सोबत घेऊन त्या निघाल्या.

ती फेरी गोड नव्हती. मुली आजारी, अंगावर चिंध्या आणि उवा, कित्येक दिवसांच्या भुकेनं माणूसपण हरवलेलं. एकीच्या ताटातलं दुसरी ओढायची. कोणाचा कोणावर विश्वास नाही. गट बांधणाऱ्या बाईला हे नवं नाही. पहिल्या बैठकीत आपल्याकडेही कोण कोणावर विश्वास ठेवतं?

त्यातच पुण्यात प्लेग. नव्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी नाही. रमाबाईंनी सदनाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून दौंडकडच्या केडगावला आधीच शेतजमीन घेऊन फळझाडं लावली होती. तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या करून या मुलींना ठेवलं. शेतातच संसार सुरू झाला, त्याचं नाव मुक्ती. २४ सप्टेंबर १८९८ ला पक्क्या इमारतीचा पाया घातला. त्याच प्लेगच्या काळात सरकारी प्लेग दवाखान्यात बायांची होणारी आबाळ त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून उघड केली, मुंबईच्या गव्हर्नराची पर्वा केली नाही. साहेबांचा धर्म घेतला म्हणून साहेबांपुढे तोंड बंद ठेवायचं, हे त्यांना मान्य नव्हतं.

१८९८ साली अमेरिकेचं दहा वर्षांचं वचन पुरं झालं. आता कोणाकडून ठरलेली रक्कम येणार नव्हती. आपण असतो तर झोप उडाली असती. रमाबाईंनी मात्र लिहिलं आहे की ठरलेला आधार सुटला आणि मन उलट हलकं झालं. देव देईल त्यावर चालायचं आणि आलेला पैसा चोख वापरायचा. त्यांची श्रद्धा हात जोडून बसणारी नव्हती. विहिरी खोदल्या, संत्री, लिंबं, आंबे लावले, गाईगुरं पाळली.

प्रांताला सावरायला दोन वर्षंही मिळाली नाहीत, तोच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आला. गुजरातेत तो ‘छप्पनियो’ म्हणून आजही आठवतात. या वेळी उपाशी मुलींना आणायला बाहेर पडणाऱ्यांत मुक्तीतल्याच बाया होत्या. जिला काल कोणी उचलून आणलं, ती आज दुसरीला आणायला निघाली. मुक्तीतल्या बायामुलींची संख्या खूप वाढली.

आमच्या मते त्या फेरीची खरी मिळकत ही आहे. भुकेल्याला भाकर देणं मोठंच, पण भाकर घेणारी जेव्हा भाकर देणारी होते, तेव्हा सेवेचं काम पुरं होतं. नाहीतर देणारा कायम देणाराच राहतो आणि घेणारीची मान कायम खाली.

मुक्तीत बाया शेती करत, विणत, तेलाचा घाणा चालवत, दूध काढत, छापखान्यात खिळे जुळवत. फसवल्या गेलेल्या बायांसाठी वेगळं कृपा सदन होतं. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवायची सोय मनोरमाबाईंनी केली. रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणलं आणि ते मुक्तीतल्या बायांनीच छापलं. १९२१ साली मनोरमा गेली. लेकीमागे वर्ष पुरं व्हायच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. केडगावचं काम आजही चालू आहे.

आपल्यात कोणी पेनठाण्यापुढे हात जोडते, कोणी विठोबापुढे, कोणी बुद्धवंदना म्हणते, कोणी चर्चला जाते. रमाबाईंचा देव सगळ्यांचा व्हावा असं आमचं म्हणणं नाही. धर्म जिचा तिनं ठरवावा, आपल्या संविधानानं तो हक्क दिला आहे, आणि अडचणीत असलेल्या बाईकडून मदतीच्या बदल्यात कोणीही काही मागू नये, श्रद्धाही नाही. पण सेवेला निघालेल्या बाईची स्वतःची श्रद्धा वाटेत पक्की होते, हे रमाबाईंच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं.

येत्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की दहा मिनिटं यावर बोला. तुमच्या गटात कोण मदत घेणारी होती आणि आता देणारी झाली? तिचं नाव घ्या, तिच्याकडूनच ऐका. आणि पुढच्या फेरीला कोण जाणार, तेही त्याच बैठकीत ठरवा. धान कापणीच्या आत नावं कळवा. नमस्कार.