इंडियानातील ग्रामीण शाळा आणि बास्केटबॉल (१९११–१९९७)

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात माध्यमिक शाळांची बास्केटबॉल स्पर्धा १९११ साली सुरू झाली. लहान-मोठ्या सर्व शाळा एकाच विजेतेपदासाठी खेळत, हे तिचे वैशिष्ट्य होय. संघास पाच खेळाडू पुरत, हिवाळ्यात शेतीची कामे मंदावत आणि कोठाराच्या भिंतीवर कडे ठोकले की सरावाची सोय होई. त्यामुळे फुटबॉलचा संघ उभारू न शकणाऱ्या खेड्यांनीही हा खेळ आपलासा केला.

२० मार्च १९५४ रोजी मायलन या खेड्यातील अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने, तिच्या सुमारे दसपट मोठ्या असलेल्या मन्सी सेंट्रल शाळेस ३२–३० असे नमवले. बॉबी प्लम्प याने अखेरच्या क्षणी निर्णायक गुण मिळवले. १९८६ सालच्या ‘हूझियर्स’ या चित्रपटास याच घटनेची प्रेरणा होती. तथापि या विजयाकडे केवळ चमत्कार म्हणून पाहणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते.

त्या वर्षी स्पर्धेत ७५१ शाळा उतरल्या होत्या. या संख्येमागे लहान शेतांवर जगणारी दाट ग्रामीण वस्ती होती. यांत्रिकीकरणाने शेते मोठी व शेतकरी थोडे झाले. लहान शाळांचा खर्च गावांना पेलेना. १९५९ च्या पुनर्रचना कायद्याने शाळांच्या विलीनीकरणास वेग आला. प्रयोगशाळा व विविध विषयांचे शिक्षक मोठ्या शाळेतच परवडतात, हा त्यामागील युक्तिवाद निराधार नव्हता. परंतु संघ जाईल म्हणून झालेला गावांचा विरोध निव्वळ भावनिक मानणे चुकीचे होय. शेतकरी, दुकानदार व मजूर जेथे एकत्र येत, असे शाळेच्या व्यायामगृहासारखे दुसरे स्थान कित्येक खेड्यांत नव्हते. शाळेबरोबर गावाचे सार्वजनिक अस्तित्वच क्षीण होत असे.

अर्थात हे ‘गाव’ सर्वांचे नव्हते. कृष्णवर्णीयांच्या शाळांना १९४२ पर्यंत स्पर्धेत प्रवेश नव्हता. १९५४ मध्ये मायलनकडून हरलेल्या इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स शाळेने पुढच्याच वर्षी विजेतेपद पटकावले. मुलींची राज्यस्पर्धा तर १९७६ मध्ये सुरू झाली.

१९९७ नंतर विद्यार्थिसंख्येनुसार शाळांचे वर्ग पाडण्यात आले व एकच विजेता ही प्रथा संपली. मोठ्यांशी बरोबरीची जी संधी अर्थव्यवस्थेने खेड्यांस नाकारली, ती या स्पर्धेने शाबूत ठेवली होती. मायलनच्या विजयाचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.