शिकारी पक्षी व कपोतकुल (वऱ्हाड)

अमरावती-अकोला परिसरातील शिकारी पक्ष्यांचा हरियल, पारवा व होले या कपोतकुलातील पक्ष्यांच्या वर्तनावर आणि संख्येवर होणारा परिणाम.

शिकारी व सावजाचे हे नाते जुने आहे. पारवे मुळात कड्याकपारींत घरटी करतात, शाहीन ससाणाही कड्यांवरच वसतो (पहा : गाविलगड, नरनाळा). हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो मेळघाटात वड, पिंपळ, उंबरांच्या फळांवर थव्याने उतरतो.

झाडीतून शिक्रा आला, तर हरियल पानांत निश्चल होतो. हिरवा-पिवळसर रंग त्याला लपवतो. सकाळी उन्हासाठी निष्पर्ण शेंड्यावर बसला, की मात्र तो उघडा पडतो. पारव्यांचा थवा एकदम उडून वळसे घेतो; त्यामुळे ससाण्याला एकच सावज हेरणे अवघड जाते. झडप बसलीच, तरी सैल पिसे शिकाऱ्याच्या नखांत राहून पक्षी कधी निसटतो.

थव्याचा लाभ रॉबर्ट केनवर्ड यांनी १९७८ मध्ये इंग्लंडमधील रानकबुतरांवर दाखवला : एकट्या पक्ष्यावरील गोशॉक या शिकारी पक्ष्याचे सुमारे ८० टक्के हल्ले यशस्वी झाले, पन्नासहून मोठ्या थव्यांवरील १० टक्क्यांहून कमी.

होले-पारवे एका वेळी सहसा दोनच अंडी घालतात, पण विणी वर्षातून अनेकदा होतात. त्यामुळे शिकारीची तूट बरीचशी भरून निघते. संख्या मुख्यतः अन्न व घरट्यांच्या जागांवर ठरते. हरियलासाठी जुनी फळझाडे म्हणूनच निर्णायक होत (पहा : मेळघाट व्याघ्र प्रकल्प, शिक्रा, हरियल).