जिमीचा टेलिव्हिजन

२२ मे १९४८, शनिवारची रात्र. अमेरिकेंतील असंख्य कुटुंबें रेडिओभोंवतीं बसलीं होतीं आणि राल्फ एडवर्ड्स या सूत्रधाराचा ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ हा लोकप्रिय कार्यक्रम चालू होता. प्रश्नाचें उत्तर चुकलें कीं स्पर्धकानें कांहींतरी हास्यास्पद करामत करावयाची, असा त्याचा थाट. त्या रात्रीं मात्र सूत्रधाराचा स्वर पालटला. तो बोलत होता हॉलिवुडांतून. तेथून देशाच्या दुसऱ्या टोकास असलेल्या बोस्टन शहरांतील बालरुग्णालयाकडे त्यानें श्रोत्यांना नेलें. तेथें एका खाटेपाशीं ध्वनिक्षेपक ठेविलेला होता आणि खाटेवर बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचें खरें नांव श्रोत्यांस सांगावयाचें नाहीं, ‘जिमी’ म्हणूनच त्याचा उल्लेख करावयाचा, असें आधीं ठरलें होतें.

जिमीला बेसबॉलचें वेड आणि बोस्टनचा ‘ब्रेव्ज’ हा त्याचा लाडका संघ. क्रिकेटमध्यें जी जागा यष्टिरक्षकाची, ती बेसबॉलमध्यें कॅचरची. ब्रेव्जचा कॅचर कोण, असें सूत्रधारानें विचारलें. फिल मासी, असें मुलानें सांगितलें. त्याला कधीं भेटला आहेस का? नाहीं. तोंच स्वतः फिल मासी खोलींत हजर! त्याच्यामागून एकेक करून संघांतील दुसरे गडी आले; कोणाच्या हातीं बॅट, कोणाच्या हातीं चेंडू, तर कोणाच्या हातीं टोपी. खोलींत एक पियानो आणून ठेविला होता. त्याच्या साथीवर, बेसबॉलच्या मैदानावर सारे प्रेक्षक मिळून म्हणतात तें गाणें सर्वांनीं धरलें, आणि जिमीनेंही त्यांत आपला बेसूर पण मनःपूर्वक सूर मिसळला.

येथवर हा सारा आनंदाचा खेळ. त्यानंतर खोलीशीं असलेला संबंध तोडण्यांत आला, आणि मुलाला ऐकूं जाणार नाहीं अशा बेतानें एडवर्ड्सनें श्रोत्यांना खरी गोष्ट सांगितली. या मुलाला कर्करोग आहे, आणि तें त्याला ठाऊक नाहीं. वीस हजार डॉलर जमले तर आपल्या संघाचे सामने पाहण्यासाठीं त्याला टेलिव्हिजन मिळेल, आणि पैसा लहान मुलांच्या कर्करोगाच्या संशोधनास लागेल. या सर्व प्रसंगास लागलीं अवघीं आठ मिनिटें.

कार्यक्रम संपतो न संपतो तोंच रुग्णालयाच्या दाराशीं देणगीदारांची रीघ लागली. पुढें पत्रांचे ढीग आले. पाकिटावर ‘जिमी, बोस्टन’ एवढाच पत्ता असला तरी टपालखात्यानें तीं पत्रें बिनचूक पोंचतीं केलीं. वीस हजारांच्या जागीं दोन लक्ष एकतीस हजारांहून अधिक डॉलर जमले. टेलिव्हिजन जिमीला मिळाला. गंमतीची गोष्ट अशी कीं, मुलानें ज्या दिवशीं तो मागितला त्या दिवशीं बोस्टन शहरांत टेलिव्हिजनचें एकही केंद्र चालू नव्हतें. तेथील पहिलें केंद्र ९ जून १९४८ रोजीं सुरू झालें.

हा सारा योग ज्यांनीं जुळवून आणला त्यांपैकीं एक पक्ष नाट्यगृहें आणि चित्रपटगृहें चालविणाऱ्यांचा. त्यांच्या ‘व्हरायटी क्लब’ या मंडळाची दानाची परंपराही मोठी मजेदार आहे. १९२८ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं पिट्सबर्ग येथील एका नाट्यगृहांत कोणी तरी एक तान्ही मुलगी सोडून गेलें. क्लबच्या सभासदांनीं तिच्या पालनपोषणाचा भार उचलला, आणि पत्ते खेळण्यासाठीं जमणाऱ्या मंडळींची तेव्हांपासून मुलांसाठीं झटणारी संस्था बनली. दुसरा पक्ष डॉ. सिडनी फार्बर यांचा. फार्बर हे बालरुग्णालयांतील विकृतिशास्त्रज्ञ. मृत मुलांच्या देहांची चिकित्सा करून रोगाचें कारण ठरविणें हा त्यांचा व्यवसाय. त्यांची प्रयोगशाळा तळघरांत होती. रक्ताच्या कर्करोगानें मुलें कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत, आणि डॉक्टरांच्या हातीं पाहत राहण्यापलीकडे कांहीं नसे. वर्षानुवर्षें अशा मुलांच्या मरणाचीं कारणें लिहून ठेवणाऱ्या या गृहस्थाला अखेर जिवंत मुलांकडे वळावेंसें वाटलें.

ज्या औषधाच्या बळावर ते वळले, त्याची हकीकत सांगतांना थोडा वेळ बोस्टन सोडून मुंबईस यावें लागतें. ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी १९२८ मध्यें मुंबईस आल्या. गिरणीकामगार गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या एका घातक पांडुरोगाचा त्यांनीं हाफकिन संस्थेंत अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो असें १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील अज्ञात द्रव्य तें पुढें ‘फोलिक ॲसिड’ म्हणून ओळखूं आलें; पालकाच्या पानांत सांपडलें म्हणून पानाच्या लॅटिन नांवावरून हें नांव पडलें. जें द्रव्य रक्त वाढवितें तें रक्ताच्या रोग्यांस द्यावें, असा सरळ विचार फार्बरांनीं केला. परिणाम भयंकर झाला. मुलांचा रोग उलट भडकला. परंतु याच अपयशांत पुढची वाट दिसली: फोलिक ॲसिड रोगास खाद्य देत असेल, तर त्याचा मार्ग अडविणारें द्रव्य रोगाची उपासमार करील. अशीं द्रव्यें लेडर्ले कंपनींत ज्यांच्या देखरेखीखालीं तयार झालीं, ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रांतील भीमावरमचे. त्यांचें ‘अमिनोप्टेरिन’ डिसेंबर १९४७ पासून बोस्टनच्या मुलांना देण्यांत येऊं लागलें. सोळांपैकीं दहा मुलांत सुधारणा दिसली. अंथरुणास खिळलेलीं मुलें उठून बसूं लागलीं.

ती सुधारणा टिकली नाहीं. आणि येथें फार्बरांचा मोठेपणा मान्य केला पाहिजे. त्यांचा निबंध ३ जून १९४८ रोजीं, म्हणजे जिमीच्या कार्यक्रमानंतर बाराव्या दिवशीं, प्रसिद्ध झाला. त्याच्या मथळ्यांतच त्यांनीं ‘तात्पुरती’ हा शब्द घातला होता. वैद्यकांना त्यांनीं सांगितलें कीं हाती आलें आहे तें थोडें आहे. नभोवाणीवरून जनतेला मागितलें तें मात्र फार मोठ्या आशेच्या नांवानें. रूझवेल्ट यांनीं १९३८ मध्यें उभारलेल्या संस्थेनें पोलिओसाठीं दहा दहा सेंटांचीं नाणीं गोळा करून लोकांना मदतीची संवय लावली होती. परंतु कर्करोगाचें नांवही लोक तेव्हां चारचौघांत काढीत नसत. त्याला एक चेहरा हवा होता. चेहरा दाखवितां येईना, म्हणून आवाज दिला.

त्या मुलाला न सांगतां त्याच्याच रोगावर पैसा मागणें योग्य होतें काय? त्या काळीं मुलांपासून असा रोग लपविणें ही रूढीच होती, हें खरें. तरीही मुलानें होकार दिला तो टेलिव्हिजनला, मोहिमेला नव्हे, ही गोष्ट मनाला बोंचत राहते. नांव झांकल्यानें एवढें मात्र झालें कीं प्रसिद्धीचा ससेमिरा त्याच्या घरापर्यंत गेला नाहीं.

पैशाचें पुढें काय झालें तें सांगणें सोपें आहे. जानेवारी १९५२ मध्यें ‘जिमी फंड’ची स्वतंत्र इमारत उभी राहिली. तळघरांतील प्रयोगशाळा आणि मुलांचा दवाखाना एका छपराखालीं आले. आजारी मुलाबरोबर त्याच्या घरच्यांचीही विचारपूस झाली पाहिजे, म्हणून डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि समाजसेविका यांनीं मिळून काम करावें, असा फार्बरांचा आग्रह होता. ब्रेव्ज संघ १९५३ मध्यें मिलवॉकीस गेला, तेव्हां शहरांतील दुसऱ्या संघानें, रेड सॉक्सनें, हें व्रत आपल्याकडे घेतलें. कित्येक वर्षें अनेक औषधें एकत्र देऊन पाहिल्यावर ‘तात्पुरती’ हा शब्द हळूहळू पुसट झाला. आज पुरेशा सोयी असलेल्या देशांत रक्ताच्या तीव्र कर्करोगाच्या सर्वांत सामान्य प्रकारांतून दहांपैकीं सुमारें नऊ मुलें वांचतात. परंतु ज्या मुलांनीं १९४८ मध्यें तें औषध प्रथम घेतलें, त्यांच्या वांट्याला कांहीं महिनेच आले. सुब्बारावही त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें निवर्तले.

आणि जिमी? तो केव्हांच गेला असावा, अशी पुढें बहुतेकांची समजूत झाली. तशा रोगांतून त्या काळीं कोण वांचे! पन्नास वर्षें ती समजूत टिकली. मग १९९७ मध्यें त्याच्या बहिणीनें संस्थेस पत्र धाडिलें कीं आपला भाऊ जिवंत आहे. मेन राज्याच्या उत्तरेकडील न्यू स्वीडन या गांवीं बटाट्याची शेती करणाऱ्या स्वीडिश वंशाच्या कुटुंबांतला तो मुलगा; खरें नांव आइनार गुस्टाफसन. मोठेपणीं तो ट्रक चालवूं लागला होता, त्याला तीन मुली होत्या, आणि ब्रेव्ज संघानें दिलेला गणवेश त्यानें जपून ठेविला होता. १९९८ मध्यें, त्या रात्रीला पन्नास वर्षें झालीं तेव्हां, तो आपल्या खऱ्या नांवानें लोकांपुढें आला. त्यानंतर तो बोस्टनच्या दवाखान्यांत येई, खाटेवरच्या मुलांशीं बोलत बसे. जानेवारी २००१ मध्यें पक्षाघातानें त्याचें निधन झालें. वय पासष्ट होतें.