गोव्याच्या पडद्यावरील फिलिपिन्स

परक्या संस्कृतीचा गौरव करावयाचा म्हणजे तिची नृत्ये पाहावी, पक्वान्ने चाखावी आणि टाळ्या वाजवून घरी परतावे, अशी उत्सवांची रीत होऊन बसली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोव्यात भरलेल्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात फिलिपिन्सच्या वाट्यास आलेला गौरव मात्र निराळ्या जातीचा होता. आल्बेर्तो मोंतेरास (दुसरे) यांच्या ‘रेस्पेतो’स दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठी असलेले पारितोषिक त्या वेळी मिळाले. ‘रेस्पेतो’ म्हणजे आदर. तो कोणी कोणाचा करावयाचा, हे उमगण्यास थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे.

गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. फिलिपिन्समध्ये स्पॅनिशांनी १५७१ साली मनिला राजधानी केली. १८९८ नंतर तेथे अमेरिकेची सत्ता आली व ती १९४६ पर्यंत टिकली. परंतु सत्ता परकी असली म्हणजे कलाही परकीच राहते असे नव्हे. स्पेनची ‘सार्सुएला’ ही संगीतनाटकांची पद्धती तेथील लोकांनी तागालोग भाषेत आणून आपलीशी केली. होसे नेपोमुसेनो यांनी १९१९ साली काढलेला ‘दालागांग बुकिद’ हा फिलिपिनो माणसाने निर्मिलेला पहिला कथाचित्रपट अशाच एका नाटकावरून घेतलेला होता. चित्रपट मूक; म्हणून नायिका आतांग दे ला रामा या चित्रगृहात स्वतः गात. संगीत रंगभूमीवर वाढलेल्या मराठी रसिकास यात परके ते काय वाटावे?

याहूनही जवळचे नाते काव्याचे आहे. ६ एप्रिल १९२४ रोजी मनिला येथे होसे कोराझोन दे हेसुस व फ्लोरेन्तिनो कोल्यांतेस या दोन कवींचा पद्यमय वाद झाला. थोर कवी फ्रान्सिस्को बालाग्तास यांच्या नावावरून या प्रकारास ‘बालाग्तासान’ म्हणू लागले. दोन पक्ष, एक विषय आणि श्रोत्यांसमक्ष छंदोबद्ध उत्तर-प्रत्युत्तर! आमच्या शाहिरीतील कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्याने ऐकले असतील त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा. आणि सोलापूर-तुळजापूर वाटेवरील आमच्या तामलवाडीपासून तर शक्तीचे पीठ अगदी जवळ.

‘रेस्पेतो’चा नायक हेंड्रिक्स हा मनिलाच्या गरीब वस्तीतील तरुण. रॅपच्या झुंजीत नाव काढावे, ही त्याची आकांक्षा. चोरीच्या निमित्ताने तो एका वृद्ध पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात शिरतो. तो वृद्ध कवी आहे, आणि फेर्दिनांद मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये पुकारलेल्या लष्करी कायद्याच्या काळातील जखमा तो मनात वागवीत आहे. भोवतीच्या वस्तीत अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेच्या नावाखाली माणसे मारली जात आहेत. म्हाताऱ्याचा भूतकाळ तो तरुणाचा वर्तमानकाळ होऊन बसला आहे, हे दिग्दर्शकाने शब्दांच्या झुंजीतूनच दाखविले.

आम्हांस या चित्रपटाचे मोल येथे वाटते. आजची मुले परंपरेचा आदर करीत नाहीत, ही तक्रार आमच्या वयाच्या मंडळींच्या तोंडी नित्य असते. तथापि कलगी-तुऱ्याचा मूळ धर्म असा की, प्रतिपक्षाचा सवाल नीट ऐकल्यावाचून जवाब देता येत नाही. आमच्या तरुणांनी मराठीत रॅप आरंभिला, तेव्हा ‘हा गोंगाट’ एवढेच म्हणून उठून जाणारा शाहिरीचा अभिमानी आपल्याच परंपरेचा नियम मोडतो. आदर हा वडिलकीच्या हक्काने मागावयाचा नसून जवाब देऊन मिळवावयाचा असतो.

फिलिपिन्सच्या एका तरुण दिग्दर्शकाने हा सवाल गोव्याच्या पडद्यावर टाकला आहे. त्याला पारितोषिक देऊन उत्सव संपला. जवाब देणे अद्याप आमच्याकडे आहे.