तिथीतलं पाणी

पाचाडहून समुद्र दिसत नाही. एका अंगाला रायगड, बाकी चहूकडे डोंगर, आणि खाली उतरायचं तर कोंझर, नाते करत महाड गाठायचं. तरी आमच्याकडच्या जुन्या माणसांना भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असत. आषाढ-श्रावणात कुणी महाडच्या बाजाराला निघालं की घरातून पहिला प्रश्न यायचा, "आज तिथ कंची हाय?" तेरस-चवदस म्हटलं की सांगणं ठरलेलं, "मंग सकाळच्याला नको जाऊस. पाणी उतारल्यावर दोपारी निघ." अष्टमी-नवमी असली तर कुणी अडवत नसे. ते भांगाचं पाणी, त्याला जोर नसतो.

यामागचा हिशेब अगदी सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे तिथीला तिनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. जे येईल तितक्या वाजता किनाऱ्यावर पूर्ण भरती. एकादशी असेल तर अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला एक भरती आणि रात्री साधारण त्याच सुमाराला दुसरी. पुनव-अवसेला भरती बाराच्या आसपास येते आणि तेव्हा उधाण असतं. उधाणाचा खरा जोर तर पुनव-अवस उलटल्यावर एकदोन दिवसांनी दिसतो. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायला लागायचं. वेळ मिनिटावर जुळत नाही, खाडीतून वर यायला पाण्याला आणखी वेळ लागतो. पण पंचांग आणि हाताची बोटं एवढ्यावर भागायचं.

डोंगरातल्या माणसाला हे कळून काय करायचं, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर महाडच्या जागेत आहे. सावित्री उगम पावते महाबळेश्वरच्या पठारावर, तेराशे मीटरहून उंच. तिथून ती सह्याद्रीच्या कड्यावरून पोलादपूरच्या अंगाला कोसळते आणि थोडक्या अंतरात सगळी उंची गमावून बसते. महाडला आली की सपाटी. तिथून बाणकोटच्या मुखापर्यंत पन्नासेक किलोमीटर ती नदी कमी आणि खाडी जास्त. रायगडाच्या पायथ्याचं पाणी गांधारी घेऊन येते, तेही महाडलाच. म्हणजे वरून दोन-तीन अंगांनी डोंगराचं पाणी आणि खालून समुद्राची भरती. भरती चढती असेल तर नदीला पुढं वाट मिळत नाही, पाणी जागीच तुंबतं आणि बाजारपेठेत शिरतं. ओहोटी लागली की तेच पाणी झपाट्यानं उतरतं. पाऊस तेवढाच असला तरी तिथी बदलली की पूर बदलतो.

हाच समुद्र एके काळी महाडचं वैभव होता. गांधारपाल्याची लेणी ज्या वाटेवर कोरली, ती वाट बंदराची. १७५६ साली इंग्रजांनी बाणकोटचा किल्ला हाती घेतला आणि खाडीच्या आतलं दासगावही मिळवलं, ते काही उगाच नाही. मीठ, सुकी मासळी, कौलं, माणसं, सगळं पडावांतून आणि पुढं आगबोटीतून खाडीनं वर यायचं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले तेही बोटीनं. २५ तारखेला ते दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सत्याग्रहींबरोबर महाडला गेले. आदल्याच दिवशी मार्गशीर्षातली अमावास्या होती, म्हणजे खाडीला पाणी भरपूर. पुढं रस्ते झाले, बोटी थांबल्या, गाळ साचत गेला. बंदर गेलं आणि बंदराबरोबर भरतीचं भानही गेलं.

आमच्या पाचाडला तिथीचं महत्त्व वेगळ्या कारणानंही आहे. गडावरची हवा मानवत नाही म्हणून जिजाऊसाहेबांसाठी महाराजांनी पाचाडला वाडा बांधला. राज्याभिषेक झाला तो शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. त्यानंतर बाराच दिवसांत, ज्येष्ठ वद्य नवमीला, पाचाडातच त्यांनी देह ठेवला. राज्याभिषेकाची इंग्रजी तारीख आपण ६ जून १६७४ सांगतो, पण ती त्या वेळच्या जुन्या इंग्रजी कालगणनेची. आजच्या कॅलेंडरानं तो दिवस येतो १६ जून. एका दिवसाच्या दोन तारखा होतात, तिथी मात्र एकच राहते. म्हणूनच गडावर सोहळा दोनदा होतो, तारखेनं एक आणि तिथीनं एक. तिथीचा सोहळा पुष्कळदा पावसात सापडतो, आणि मूळ दिवस तोच होता, पावसाच्या तोंडावरचा.

तारीख सूर्याची, तिथी चंद्राची. आणि समुद्र प्रामुख्यानं चंद्राचं ऐकतो. तारखेत समुद्र लिहिलेला नसतो, तिथीत असतो.

आता २०२१ चा जुलै घ्या. २० तारखेला आषाढी एकादशी झाली. पाऊस लागून होताच. २१ च्या रात्री त्यानं रूप बदललं. २२ तारखेला, गुरुवारी, महाडात पाणी चढलं ते तळमजले गिळून माळ्यांपर्यंत. त्या दिवशी दुपारपर्यंत त्रयोदशी होती आणि नंतर चतुर्दशी लागली. हिशेब करून पाहा: तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, पावणेदहा. सकाळी पावणेदहा आणि रात्री दहाच्या पुढं किनाऱ्यावर पूर्ण भरती, आणि तीही उधाणाकडं चढत चाललेली, कारण गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर. त्याच वेळी वर महाबळेश्वरला काय चाललं होतं? २३ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तिथं ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वरचं आणि खालचं, दोन्ही पाणी एकाच वेळी आलं. मदतीच्या होड्या शहराच्या वेशीवर अडून राहिल्या. लोक माळ्यावर, गच्चीवर बसून पाणी कधी उतरतंय याची वाट बघत होते.

२०१६ चा सावित्रीचा पूलही आठवतो. २ ऑगस्टची रात्र. आषाढ अमावास्या, दिव्याची अवस. अकराच्या पुढं महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल नदीनं नेला, त्याबरोबर दोन एसट्या आणि इतर वाहनं गेली. पूल भरतीनं पाडला असं मी म्हणणार नाही. पण ओहोटीचं पाणी काय करतं ते पुढच्या दिवसांत दिसलं. बुडालेली माणसं सापडली ती पार हरिहरेश्वरला आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर. घाटाखालच्या नदीत गेलेल्यांचा शोध कोळ्यांना समुद्रात घ्यावा लागला.

तिथीला सगळं कळतं असंही नाही. २५ जुलै २००५ ला दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. पुनवेला तेव्हा चार दिवस होऊन गेले होते. २०२१ च्या त्याच गुरुवारी तळियेत ऐंशीहून जास्त माणसं डोंगराखाली गेली. पोलादपूरकडं केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडीनं माणसं नेली. डोंगराला भरती-ओहोटी नसते. तो पाणी पीत राहतो आणि एका क्षणी सुटतो. तिथं पंचांग उपयोगाचं नाही. भेगा पडल्या, झरे गढूळ झाले, झाडं कलली की घर सोडायचं, एवढंच खरं.

म्हणून जुन्या माणसांचा हिशेब जिथं लागू पडतो तिथं तरी तो टाकून देऊ नये. आज मोबाइलवर पावसाचा इशारा येतो, नारिंगी, लाल. भरतीचं कोष्टकही मिळतं. पण पाऊस एकीकडं वाचला जातो आणि भरती दुसरीकडं, ती बहुधा मुंबईची. महाडला दोन्ही एका ओळीत वाचावं लागतं. घाटमाथ्यावर किती पडला आणि बाणकोटला पाणी कधी भरणार, हे एकत्र कळलं तर दुकानदाराला माल माळ्यावर टाकायला आणि म्हाताऱ्यांना हलवायला तीन-चार तास मिळतात. पुरात तीन-चार तास म्हणजे थोडे नाहीत.

पूर ओसरला की महाडच्या भिंतींवर चिखलाची रेघ राहते. रंग देताना कुणी ती मुद्दाम ठेवतात, शेजारी तारीख लिहितात. माझं म्हणणं इतकंच आहे, की तारखेखाली तिथीही लिहावी. पुढच्या पिढीला पाणी कुठवर आलं ते रेघ सांगेल, आणि का आलं ते तिथी.