विद्यार्थ्याच्या हातीं प्रश्न

व्याख्यान चांगलें झालें म्हणजे पदार्थविज्ञान समजलेंच, ही आम्हां प्राध्यापकांची जुनी श्रद्धा. अमेरिकेंत रिचर्ड हेक यांनीं १९९८ सालीं ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या चाचण्या पडताळून दाखविलें कीं, जेथें विद्यार्थी आपसांत वाद घालून उत्तर शोधीत, तेथें न्यूटनच्या गतिनियमांच्या आकलनांतील वाढ निव्वळ श्रवणभक्तीच्या वर्गांहून सरासरीनें दुप्पट होती.

इकडे आमच्या उपनगरांत, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें (स्थापना १९७४) २००४ सालीं पदवीच्या विद्यार्थ्यांकरितां एक राष्ट्रीय उपक्रम आरंभिला. त्यांत प्रयोगाची कृति आयती न देतां विद्यार्थ्यापुढें प्रश्न ठेवण्यावर भर होता. लाभ मात्र निवडक मुलांस. इतरांस प्रयोगपरीक्षेला बसावयाचें तर सही झालेलें जर्नल लागतें. तें कोणाच्या वहीवरून उतरविलें, याची चौकशी, आमच्या पाहण्यांत तरी, क्वचितच होते.