जीपच्या टायरवरचा आकडा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या टायरवर ६.००-१६ असं माप असे. म्हणजे रुंदी ६ इंच, रिम १६ इंच. बाजूची उंची लिहीत नसत, कारण त्या काळच्या क्रॉसप्लाय टायरची उंची जवळपास रुंदीइतकीच असायची. त्यामुळे पूर्ण चाक २८ इंचांच्या पुढेमागे भरे.

निवृत्तीनंतर जुनी जीप घेतली, तेव्हा मी फक्त १६ पाहिलं आणि २०५/६० आर १६ चे रेडियल चढवले. चाक जेमतेम पावणेसव्वीस इंचांचं झालं! काटा ६० दाखवी, तेव्हा गाडी ५५ वर असे. ॲक्सल इंचभर खाली आला आणि घाटात डिफरन्शियल खडकावर आपटला. चूक माझीच.

म्हणून रिमइतकीच चाकाची पूर्ण उंचीही जुळवा. एकाच ॲक्सलवर रेडियल आणि क्रॉसप्लाय मात्र कधीही मिसळू नका.